कात्रीची लाज कशाला?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी मी माझे कमरेपर्यंतचे काळे केस पार्लरमध्ये जाऊन सोनेरी करून घेतले. कशासाठी, असे विचारू नका. हौसेला मोल नसते. संमेलनाच्या रात्री फिशपाँडमध्ये माझ्या केसांवर दोन चिठ्ठ्या निघाल्या आणि वरवर रागावून मी मनातून सुखावले. ते सुख तिसऱ्या न्हाण्याला संपले. ओले केस रबरासारखे ताणू लागले, आणि वाळले की नारळाच्या काथ्यासारखे खरखरीत होऊ लागले. विंचरायला बसले की जमिनीवर बोट-बोट लांबीचे तुकडे पडत. ज्या वेणीचे कौतुक लहानपणापासून ऐकत आले होते, तिचे शेपूट झाले.

हा लेख त्या वेणीचा शोक करण्यासाठी लिहिलेला नाही. पुढच्या सहा महिन्यांत मला जे सल्ले मिळाले, जे पैसे गेले आणि शेवटी जे समजले, त्याबद्दल मला माझे मत मांडायचे आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या आणखी मुली आहेत. ओढणीखाली केस झाकून मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलींना मी आता ओळखू लागले आहे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकीने अंडे लावायला सांगितले, दुसरीने दही, मावशीने कांद्याचा रस. वसतिगृहातल्या माझ्या कन्नड मैत्रिणीच्या आईने गावाहून घाण्याच्या ‘कोब्बरी एण्णी’ची बाटली पाठवली. पार्लरवाल्या बाईंनी केराटिनचा उपचार सुचवला. त्याची किंमत ऐकून मी महिन्याच्या मेसचा हिशेब करू लागले. मोबाईलवर तर सात दिवसांत केस पूर्ववत करून देणाऱ्यांची रांगच लागली होती. सुट्टीत खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले तेव्हा मानेवर लिंबाएवढा गुंता झालेला होता. आजीने तो हाताने चाचपला आणि हळूच विचारले, “काय करून घेतलीस गं हे? जट तर नव्हे?”

आजीची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा डोंगर आहे. केसांत जट आली म्हणजे यल्लम्माचे बोलावणे आले, असे समजून कितीतरी मुलींना देवीला सोडले गेले. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ साली कायदा झाला. पण जट कापायला हात कचरतो ती घरे आजही आहेत. मला मात्र त्या दिवशी एक साम्य दिसले. आजीला केसात देवी दिसत होती आणि मला बाटलीत जादू दिसत होती. केस म्हणजे प्रत्यक्षात काय, हे दोघींनीही पाहिले नव्हते. मी तर विज्ञान शाखेची विद्यार्थिनी!

तेव्हा आधी ते पाहू. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आपण प्रयोगशाळेत पाहिलेली असते. थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली तयार केलेले हे द्रव्य. पार्लरमध्ये त्यात परसल्फेटची भुकटी कालवतात. मिश्रण अल्कधर्मी असते. त्याने केस फुगतो, त्याच्यावरचे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले उचलले जातात आणि पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य नष्ट करते. आपल्या केसांत हे द्रव्य भरपूर. काळ्याचा तांबडा, तांबड्याचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा असे जिने उतरावे लागतात. म्हणून मिश्रण जास्त वेळ ठेवायचे, नाहीतर दोनदा लावायचे.

पण पेरॉक्साइड काही रंगद्रव्यापाशी थांबत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ते दुवेही तुटतात. केसाच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर जन्मजात असतो, त्यामुळे पाणी निथळून जाते. तोही निघून जातो. मग केस स्पंजासारखा पाणी पितो, ओला असताना ताणतो आणि वाळला की मोडतो.

आता मुख्य मुद्दा. हाडाला चीर गेली तर ते भरून येते, कातडीवर ओरखडा उठला तर ती सांधते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. केसाचा जीव फक्त कातडीखालच्या मुळाशी असतो. बाहेर दिसणारा केस नखाच्या टोकासारखा मेलेला असतो. त्याला रक्त पोचत नाही. त्याला खाऊ घातलेले अंडे तो खात नाही. अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू आत शिरण्याइतके लहानही नसतात. (गरम पाण्याने धुतले तर ते केसांतच शिजते, हा स्वानुभव!) म्हणून माझे म्हणणे असे की, ब्लीचने बिघडलेला केस पूर्ववत होतो हे विधानच खोटे आहे, मग ते आजीबाईच्या बटव्यातून येवो की चकचकीत बाटलीवरून. बिघडलेला केस सांभाळता येतो, आणखी तुटण्यापासून वाचवता येतो. बरा होतो तो केस नव्हे. बरे होते ते डोके, नव्या केसांनी.

सांभाळायचा कसा, तेही सांगते, कारण सगळेच सल्ले टाकाऊ नव्हते. कोब्बरी एण्णी पाठवणारी ती माउली सर्वांत शहाणी निघाली. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात केसांतले प्रथिन धुण्यात वाहून जाणे फक्त खोबरेलाने कमी झाले, चांगल्या केसांतही आणि ब्लीच केलेल्यांतही. संशोधक मुंबईच्या एका तेलविक्या कंपनीचेच होते, हे ध्यानात ठेवून वाचावे. पण कारण पटण्याजोगे आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल मुख्य. त्याचे सरळ, लहान रेणू केसाच्या आत जाऊ शकतात आणि मग केस पाण्याने कमी फुगतो. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावावे. टाळूला ब्लीचने भाजले असेल, फोड आले असतील, तर मात्र तेल नको. त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून आलेला आहे. असे केस मूठ-मूठ येऊ लागले तरीही डॉक्टरच गाठावेत. ठिपका नसेल तर केस मधेच तुटला आहे, आणि तेच आपले दुखणे.

न्हाताना अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावू नये. तो अल्कधर्मी असतो, उचललेले खवले आणखी उचलतो. शिकेकाई वापरायची तर काढा गाळून घ्यावा, भुकटी चोळू नये. धुतल्यावर दरवेळी कंडिशनर लावावा. बिघडलेल्या केसावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधली द्रव्ये धनभारित असतात; म्हणून जिथे इजा जास्त तिथे ती अधिक चिकटतात. हे मलम नव्हे, केवळ लेप आहे. पुढच्या न्हाण्याला पुन्हा द्यायचा. ओला केस सर्वांत दुबळा, म्हणून बारीक फणी दूर ठेवून रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून वर वर सोडवत जावे. टॉवेलने खसाखसा पुसू नये. वेणी सैल घालावी, उन्हात डोके झाकावे. तापलेली इस्त्री, पुन्हा रंग, पुन्हा ब्लीच, केस सरळ करणे हे सारे बंद. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो, आणि त्याची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्कजनकांत केलेली आहे. तुटलेले दुवे जोडण्याचा दावा करणारी महागडी द्रव्ये २०१४ पासून बाजारात आहेत. त्यांनी केसाला थोडा आधार मिळतो हे मी नाकारत नाही. पण गेलेला रंग आणि झिजलेले खवले तीही परत आणत नाहीत.

आणि मग कात्री. इथे आपले सगळ्यांचे घोडे पेंड खाते. मी आईला म्हटले, खांद्यापर्यंत कापते. आईच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, “पाहुणे येऊन जाऊ देत, मग काय ते कर.” म्हणजे मेलेला केस डोक्यावर ठेवायचा तो माझ्यासाठी नव्हे, पाहुण्यांसाठी!

कात्रीची ही भीती आपल्याकडे उगीच आलेली नाही. बाईचे केस उतरवणे म्हणजे तिचे सौभाग्य उतरवणे, हे कितीतरी पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. विधवांच्या केशवपनाला आपण हातभार लावणार नाही, असा निर्धार मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली केला, त्याचे मोल म्हणूनच मोठे. त्या काळी दुसऱ्यांनी बळजबरीने कापलेले केस आणि आज एखादीने स्वतःच्या बुद्धीने कापलेले केस यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय हीच आजी तिरुपतीला सगळे केस देऊन आली तेव्हा घरी पेढे वाटले होते. देवाला दिले तर पुण्य आणि स्वतःच्या भल्यासाठी कापले तर अपशकुन, हा कुठला हिशेब?

खरा हिशेब असा आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा. माझे केस पंचाहत्तर सेंटिमीटर होते. म्हणजे शेंडा मी नववीत असताना उगवलेला! पाच वर्षांचे ऊन, पाणी, फणी सोसलेल्या त्या शेंड्यावर मी पेरॉक्साइड ओतले होते. लांबी जवळजवळ तशीच ठेवून महिन्याला एक-एक सेंटिमीटर कापत गेले असते, तर ब्लीचचा शेवटचा केस जायला सहा वर्षे लागली असती. आणि तोवर शेंडे दुभंगून केस वर-वर तुटत राहिले असते. खांद्यापर्यंत एकदम कापले, तर उरलेला बिघडलेला भाग सुमारे पंचवीस सेंटिमीटर. तो तसाच हळूहळू कापत गेले तर दोन वर्षांत मोकळी. गणितात मी कधी हुशार नव्हते, पण एवढे मला जमले.

कुणी म्हणेल, मुळात मुलींनी हे थेर करूच नयेत. हा सूर मला मान्य नाही. हौस करण्यात पाप नाही, आणि चूक झालेल्या मुलीला ‘भोग आता फळे’ म्हणण्याने एकही केस उगवत नाही. माझी तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल. एवढ्या काळ्या केसांचे सोने करताना काय किंमत पडेल, हे मला त्या दिवशी खुर्चीत बसवण्यापूर्वी कुणी सांगितले नाही. मागची एक बट आधी करून बघू, असेही कुणी म्हटले नाही. मीही विचारले नाही. आता आठवते, मिश्रण कालवणारी मुलगी माझ्याच वयाची होती. हातात मोजे नव्हते, दार बंद होते आणि ती सारखी खोकत होती. परसल्फेटच्या भुकटीने केशकर्तनकारांना दमा होतो, हे मी नंतर वाचले. माझे केस तरी पुन्हा येतील. तिच्या छातीचे काय, हा प्रश्न माझ्या वेणीपेक्षा मोठा आहे, आणि पार्लरमध्ये जाणाऱ्या प्रत्येकीने तो विचारला पाहिजे.

जूनमध्ये मी केस कापले. आजी शेजारी बसून होती. मानेवरचा तो गुंता खाली पडला तेव्हा तिने तो उचलला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “केसच आहेत की गं नुसते.” मग केरसुणीने सगळे गोळा करून तिने परसात टाकले. पाहुणे जुलैत येऊन गेले. त्यांचे काय झाले हे विचारू नका. माझे मात्र चांगले चालले आहे. मुळाशी आता पंधरा सेंटिमीटर काळे केस आहेत. मागच्या बाकावर ओढणी घेऊन बसणाऱ्या मैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत या, मोजून बघा.