काओरू आबे: दंतकथेने झाकलेला वादक

काओरू आबे या जपानी फ्री जॅझ सॅक्सोफोनवादकाची गोष्ट बहुतेकजण शेवटाकडून सांगतात. सप्टेंबर १९७८, गुंगीच्या गोळ्यांचा अतिरेक, वय अवघे २९. आठ वर्षांनी त्याची एकेकाळची पत्नी, लेखिका इझुमी सुझुकी हिची आत्महत्या. मग या जोडप्यावरची कादंबरी आणि तिच्यावरून कोजी वाकामात्सूने १९९५ साली काढलेला चित्रपट. एवढे ऐकवून निवाडा दिला जातो की हा माणूस वाजवत नव्हता, स्वतःला जाळत होता. हे मत कौतुकाने मांडले जाते, पण त्यात वादकाच्या हाती काही कसब होते हेच नाकारलेले असते.

ध्वनिमुद्रणे याच्या विरोधात साक्ष देतात. १९७५ च्या ऑक्टोबरात मुद्रित झालेल्या, फ्रेंच लेखक सेलीनच्या कादंबरीचे नाव घेतलेल्या ‘मोर आ क्रेदी’मध्ये आबे एकटा आहे. ड्रम नाही, बास नाही. काळाचा सगळा हिशेब त्याच्याच श्वासावर. आल्टो सॅक्सोफोनची किंकाळी टोकाला नेऊन तो एकदम थांबतो, शांतता ताणून धरतो आणि पुढचा स्वर ऐकणाऱ्याच्या अपेक्षेबाहेर टाकतो. तोल गेलेल्या माणसाला ओरडता येईल, असे थांबता येणार नाही. साचिको निशिदाने १९६० मध्ये गाजवलेले बाभळीच्या पावसाचे गाणेही तो इतरत्र वाजवतो: चाल ओळखू येईल इतपत राखतो, मग तिची एकेक कड खरवडतो. चाल पक्की हातात असल्याशिवाय ती अशी मोडता येत नाही.

कोणी म्हणेल, कसब मान्य, पण सगळा एकसुरी कल्लोळच ना? गिटारवादक मासायुकी ताकायानागीबरोबरचे १९७० चे वादन ऐकावे. तिथे ध्वनीची सलग भिंत आहे. पाच वर्षांनी त्याच माणसाच्या वादनात मोकळ्या जागा आहेत. नुसत्या उद्रेकात असा बदल होत नाही. शिवाय मिलफर्ड ग्रेव्हज आणि डेरेक बेली यांच्यासारख्या चोखंदळ वादकांसोबत त्याने ध्वनिमुद्रण केले. ऐकून उत्तर देणे न जमणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. सगळेच सारख्या तोलाचे आहे असा माझा दावा नाही. मृत्यूच्या काही दिवस आधीच्या मैफलीत तो गिटार आणि हार्मोनिकाही हाती घेतो, आणि तिथे मला पकड सैल वाटते. नेमकी तीच मैफल दंतकथेच्या भक्तांना हृदयद्रावक म्हणून प्रिय आहे. व्यसनाने त्याची कला घडवली असे म्हणणाऱ्यांनी ती मैफल ‘मोर आ क्रेदी’शेजारी ठेवून ऐकावी.