जिथे सुटीचे वेळापत्रक बर्फ ठरवतो

जुलै महिना. आपल्याकडे छत्र्या, रेनकोट आणि न वाळणारे कपडे यांनी घर भरलेले असते. त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिली देशात, ऐन हिवाळा असतो. राजधानी सांतियागोहून निघालेली बस लोस आंदेस हे गाव मागे टाकते आणि अँडीज पर्वताचा घाट चढू लागते. एकावर एक रचल्यासारखी २९ वळणे! या वळणांना तिथे 'लोस काराकोलेस' म्हणतात, म्हणजे गोगलगायी. बसचा वेगही नावाला साजेसाच. मागे-पुढे अर्जेंटिनाला माल नेणाऱ्या ट्रकांची रांग, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. बर्फ वाढला की ड्रायव्हर गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि चाकांना लोखंडी साखळ्या बांधतो.

घाट संपतो आणि समोर एक लांबट, पिवळी इमारत दिसते. हेच पोर्तियो. सांतियागोपासून सुमारे १६० किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,८८० मीटर उंचीवर. इथे ना गाव, ना बाजार. एक हॉटेल, शेजारी स्वस्तात राहण्याची दोन साधी निवासस्थाने, मागे 'लागुना देल इंका' म्हणजे इंकांचे सरोवर आणि चहूबाजूंनी पर्वत. एवढाच सगळा पसारा. तरीही स्की आणि स्नोबोर्ड खांद्यावर घेऊन जगभरातून माणसे इथे आठवडा काढायला येतात.

येणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते. पैसे आपण भरले असले, तरी सुटीचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. ते बर्फ ठरवतो.

आगगाडीच झाली लिफ्ट

चिली आणि अर्जेंटिना यांना जोडणारी रेल्वे याच भागातून १९१० साली सुरू झाली. मार्गाच्या पाहणीसाठी आलेल्या नॉर्वेच्या अभियंत्यांना बर्फातून हिंडण्याचे एक खात्रीचे साधन ठाऊक होते: पायांना बांधायच्या लाकडी पट्ट्या. अशा रीतीने स्की इथे पोहोचली. पुढे हौशी मंडळी आगगाडीने वर जात आणि घसरत खाली येत. आगगाडी हीच त्यांची लिफ्ट! सरकारने बांधलेले हॉटेल १९४९ मध्ये उघडले आणि १९६१ मध्ये खासगी मालकीचे झाले. रेल्वे मात्र १९८४ पर्यंत पूर्ण बंद पडली. आता वर येण्याचा आधार एकच, तो म्हणजे रस्ता.

१९६६ मध्ये अल्पाइन स्कीइंगची जागतिक स्पर्धा पोर्तियोला भरली. दक्षिण गोलार्धात ही स्पर्धा आजवर एवढी एकदाच झाली आहे. पण त्याआधी डोंगराने आपली ताकद दाखवली होती. ऑगस्ट १९६५ मध्ये, पूर्वतयारीच्या स्पर्धांच्या वेळी, प्रचंड वादळ आले. हिमकडे कोसळले आणि लिफ्टचे खांब उखडले गेले. पाहुणे वर्षभरात दारात उभे राहणार आणि घराचे छप्परच उडालेले, अशी अवस्था! पण लिफ्ट पुन्हा उभारल्या गेल्या आणि स्पर्धा ठरल्या वर्षी पार पडली. एकूण २४ पदकांपैकी १६ फ्रान्सने नेली. त्यांच्या ज्याँ-क्लोद किली याने इथे डाउनहिलची शर्यत जिंकली आणि दोन वर्षांनी ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली.

खांबच नकोत!

ज्या उतारांवर हिमकडे वारंवार कोसळतात, तिथे खांब उभारणे म्हणजे दरवर्षी मोडण्यासाठीच उभारणे. म्हणून पोर्तियोच्या सर्वांत उभ्या उतारांवर निराळीच युक्ती आहे. वर खडकात आणि खाली पायथ्याशी दोर पक्का केलेला असतो, मधल्या उतारावर एकही खांब नसतो. दोराला एक आडवा दांडा आणि त्याला लोंबणाऱ्या पाच चकत्या. पाच जणांनी एका ओळीत उभे राहायचे, चकती मांड्यांमध्ये धरायची की दांडा पाचही जणांना गोफणीतल्या दगडासारखा वर ओढून नेतो. वर पोहोचल्यावर ठरलेल्या क्रमाने एकेकाने सुटायचे. फ्रेंच भाषेत या लिफ्टला 'ये-जा' अशा अर्थाचे नाव आहे.

स्कीवाल्याची पावले सरळ वरच्या दिशेला असतात, त्यामुळे त्याचे निभते. स्नोबोर्डवाला फळीवर आडवा उभा असतो. त्याचा तोल गेला की तो एकटा पडत नाही, शेजाऱ्यालाही घेऊन पडतो. त्यामुळे अनोळखी पाच माणसेही वर जाण्यापूर्वी एकमेकांशी बोलून घेतात. कोण कुठे उभा राहणार, कोण आधी सुटणार, सगळे ठरवतात. संध्याकाळी तीच माणसे एका टेबलाशी चहा घेताना दिसतात.

योगायोग असा की, पोर्तियोत खांब उखडले त्याच १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी दोन स्की एकमेकींना जोडून मुलींसाठी बर्फावरचे खेळणे बनवले. तीच आजच्या स्नोबोर्डची पूर्वज. पुढे १९७० च्या दशकात जेक बर्टन, टॉम सिम्स यांच्यासारख्यांनी फळीत सुधारणा केल्या. सुरुवातीला अनेक ठिकाणी स्नोबोर्डवाल्यांना उतारावर बंदी होती. ही धटिंगण पोरे इतरांना धडकतील अशी भीती! पण १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

खेळाचे तंत्र सांगायला सोपे आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, हातात काठ्या नाहीत. फळीच्या दोन कडा, एक टाचांच्या बाजूची, दुसरी बोटांच्या बाजूची. कधी हिच्यावर, कधी तिच्यावर भार टाकत नागमोडी खाली यायचे. दोन्ही कडा एकदम टेकवायला गेले की चुकीची कड बर्फात रुतते आणि माणूस धाडकन आपटतो. नवशिका पडताना हात पुढे टेकतो आणि मनगट दुखावून घेतो. म्हणून मनगटाचे पट्टे आणि हेल्मेट आधी, ऐट नंतर. पहिला दिवस बसण्या-उठण्यातच जातो. दुसऱ्या दिवशी अंग बोलू लागते. तिसऱ्या दिवशी मात्र एखादे वळण आपोआप जमते आणि पन्नाशीचा माणूसही लहान मुलासारखा ओरडतो.

आणि रस्ता बंद होतो

अशातच पॅसिफिक महासागराकडून ढग येतात. दुपारपर्यंत समोरचे सरोवर दिसेनासे होते. रात्रभर वारा घोंगावतो आणि सकाळी सूचना मिळते: लिफ्ट बंद, रस्ताही बंद. खाली लोस आंदेसच्या बाजूला ट्रक अडकून पडतात आणि वर हॉटेलातली माणसे. ज्याचे परतीचे विमान त्याच दिवशी असते, त्याची घालमेल पाहवत नाही. तो काचेशी जातो, परत येतो, पुन्हा काउंटरवर तेच विचारतो. उत्तरही तेच मिळते.

मग हळूहळू काहीतरी बदलते. पत्त्यांचे डाव मांडले जातात. भाषा न कळणारी मुले एकमेकांशी खेळू लागतात. कुणी इंका राजपुत्र इली युपांकीची दंतकथा सांगते. त्याची प्रिय राजकन्या कड्यावरून पडून गेली, त्याने तिचा देह या सरोवराला अर्पण केला आणि तेव्हापासून पाण्याला तिच्या डोळ्यांचा हिरवा रंग आला. वाऱ्याचा आवाज ऐकताना ही कथा खरी वाटू लागते.

खरी कसोटी वादळानंतरच्या सकाळी असते. निळे आकाश, कमरेइतका कोरा बर्फ आणि उतारावर एकही रेघ नाही! हात शिवशिवतात. पण हाच सर्वांत धोक्याचा प्रहर. नवा बर्फ जुन्या थरावर अजून बसलेला नसतो. एका माणसाच्या भारानेही अख्खा उतार सुटू शकतो. सुरक्षा पथकाचे लोक स्फोटके लावून धोक्याचा बर्फ आधीच खाली पाडतात. त्यांनी दोर काढेपर्यंत थांबायचे. अनुभवी मंडळी निमूटपणे थांबतात. दोर ओलांडण्याची घाई असते ती नवख्यांना.

आपल्याकडून तिथे जाऊ पाहणाऱ्यांनीही हाच धडा आधी घ्यावा. सुटीच्या शेवटी दोन दिवस हाताशी राखूनच परतीचे तिकीट काढावे. पहिल्या दिवशी विरळ हवेने डोके दुखते, तेव्हा भरपूर पाणी प्यावे आणि दमाने घ्यावे. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने चेहरा भाजतो, त्यासाठी मलम आणि गडद चष्मा हवाच. गंमत म्हणजे तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आणि फळीवर पहिल्यांदा उभे राहायला एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. आपल्या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औली इथेही ते शिकता येते.

तोच बर्फ, तेच पाणी

पोर्तियोचा बर्फ हा केवळ पाहुण्यांच्या हौसेचा विषय नाही. उन्हाळ्यात तोच वितळून अ‍ॅकोंकाग्वा नदीत उतरतो आणि खालच्या द्राक्षबागांना, शेतांना, गावांना पाणी देतो. २०१० पासून मध्य चिलीने अनेक वर्षांचे दीर्घ अवर्षण सोसले. त्या काळात उघडे पडलेले उतार पाहून हॉटेलवाल्यांइतकाच शेतकरीही काळजीत पडे. प्रशांत महासागर तापून 'एल निन्यो' आला, की मध्य चिलीत बहुधा बर्फ वाढतो. त्याच एल निन्योच्या वर्षी आपला मान्सून मात्र अनेकदा रुसतो. तिकडचा शेतकरी पर्वताकडे पाहतो, इकडचा आभाळाकडे. दोघांची नजर सारखीच.

अखेर रस्ता उघडल्याची बातमी येते. सामान गाडीत चढते, साखळ्या बांधल्या जातात आणि बस गोगलगायीच्या गतीने २९ वळणे उतरू लागते. दोन दिवसांपूर्वी काउंटरवर हुज्जत घालणारा गृहस्थ आता खिडकीशी शांत बसलेला असतो. मागे वळून तो पिवळ्या इमारतीकडे पाहतो. विमान चुकले, पैसे गेले, मनगटही दुखते आहे. तरी पुढच्या वर्षी कधी यायचे, हे बायकोला विचारून झालेले असते!