फाटकाबाहेरचे पालक

आपल्या शाळेच्या वाटचालीची ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा तिच्यात गौरवाचे लेख पुष्कळ असतील, आणि ते असावेतही. परंतु ज्या संस्थेचे नाते तथागतांच्या धम्माशी आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांशी आहे, त्या संस्थेने आपल्या चुकांची नोंदही आपल्याच हाताने करून ठेवावी, असे आम्हांस वाटते. म्हणून एका प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत. साथीच्या रोगाच्या काळात निवासी शाळेच्या स्नेहसंमेलनास, नाटकास वा गीतगायनास पालकांना प्रवेश द्यावा की नाही? वरवर पाहता हा प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो. आमच्या मते तो आपल्या तत्त्वांचाही आहे.

फेब्रुवारी २०२२ मधील प्रसंग आहे. कोरोनाची तिसरी लाट ओसरत होती. जानेवारीत पुन्हा बंद झालेल्या शाळा उघडल्या होत्या. माता रमाईंच्या जयंतीसाठी मुलांनी बसविलेली नाटिका लांबत लांबत महिनाअखेरीस सादर होणार होती. पालकांनी येऊ नये, असे निरोप मोबाईलवरून धाडले होते. तरीही दहा-बारा पालक आले. एसटीचा संप सुरू होता. कोणी वडापने, कोणी दुसऱ्याच्या दुचाकीवर बसून, कोणी कारखान्याच्या तळावरून ऊसतोडीचा एक दिवस खाडा करून आले होते. त्यांना फाटकावरच थांबविण्यात आले. फाटकावर उभे राहण्याचे काम ज्या शिक्षकांकडे होते, त्यांत आम्हीही होतो. ध्वनिक्षेपकावरून मुलांचे आवाज बाहेर येत होते आणि आपल्या लेकराचा आवाज कोणता, हे ती माणसे एकमेकांना सांगत होती. इतक्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. फाटक उघडले. पाहुणे आणि त्यांच्यासोबतची मंडळी आत गेली. फाटक पुन्हा बंद झाले. तेव्हा एका आईने आम्हांस विचारले, "सर, तोंडाला फडकं आमच्या बी हाय, त्यांच्या बी हाय. मग आमचाच आजार लागतो व्हय लेकरांना?"

"नियम आहे," एवढेच आम्ही म्हणालो. परंतु जो पाहुण्यांना लागू नाही तो नियम कसला, हे इतिहास शिकविणाऱ्या माणसाला कळावयास हवे होते. ते उत्तर आजही आम्हांस बोचते.

प्रथम दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल, कारण ती दुबळी नाही. निवासी शाळा ही दिवसा भरून सायंकाळी रिकामी होणारी शाळा नव्हे. येथे मुले एका खोलीत अंथरुणाला अंथरूण लावून झोपतात, एका पंगतीत जेवतात, एकाच नळावर तोंड धुतात. एका मुलास संसर्ग झाला तर तो आठवड्याभरात साऱ्या वसतिगृहात पसरू शकतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या भटारखान्यात वर्षानुवर्षे भाकरी थापणाऱ्या एका मावशींना आपण गमावले, हे कोणी विसरलेले नाही. लहान मुलांचे लसीकरण त्या वेळी झालेले नव्हते. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरणही ३ जानेवारी २०२२ पासून नुकतेच कोठे सुरू झाले होते. अशा वेळी व्यवस्थापनाने भीती बाळगली, तर त्यात दोष नव्हता. परक्याची मुले सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मुलांपेक्षा अधिक सावध असावेच लागते. 'पालक आहेत, येऊ द्या' असे सरसकट म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

मग आमचा आक्षेप कशाला आहे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. साथीच्या आरंभी 'सामाजिक अंतर' हा शब्द जिकडेतिकडे घोषणेसारखा फिरत होता. आपल्या वस्त्यांमध्ये तो शब्द कानाला खटकला, कारण सामाजिक अंतर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द अधिक योग्य असल्याचे सुचविले होते. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील अनेकांनी शाळा पाहिली ती व्हरांड्यातून. अशा समाजातील आईबाप जेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर थांबविले जातात, तेव्हा त्या थांबण्याला एक जुनी आठवण चिकटलेली असते. फाटक लावणाऱ्याच्या मनात तसे काही नसले, तरी बाहेर उभ्या राहणाऱ्याच्या मनात ती जागी होते.

म्हणून प्रत्येक अंतर अस्पृश्यताच असते काय? तसे म्हणणे हा विवेकाचा पराभव ठरेल. या दोहोंतील भेद बाबासाहेबांनीच १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात स्पष्ट केला आहे. जन्म, मृत्यू, विटाळ अशा प्रसंगी माणसाला काही काळ दूर ठेवण्याची प्रथा जगातील अनेक प्राचीन समाजांत होती. परंतु ते दूर ठेवणे तात्पुरते होते, त्या व्यक्तीपुरते होते, आणि मुदत संपली की ती व्यक्ती पुन्हा सर्वांत मिसळत असे. भारतातील अस्पृश्यता मात्र कायमची, वंशपरंपरागत आणि संपूर्ण समूहाला गावाबाहेर कोंडणारी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. साथीतील अंतराची पारख करण्यासाठी याहून चांगला निकष आम्हांस सापडलेला नाही. अंतराला मुदत आहे काय? त्याला पडताळून पाहता येईल असे कारण आहे काय? ते सर्वांना सारखे लागू आहे काय? या तीन प्रश्नांत आम्ही आमच्याकडून चौथा मिळवितो: ज्यांना दूर ठेवावयाचे, त्यांच्याशी आधी बोलणे झाले होते काय?

त्या दिवशीच्या आपल्या निर्णयाला मुदत होती आणि कारणही होते. परंतु तो सर्वांना सारखा लागू नव्हता, आणि पालकांना कोणी विचारले नव्हते. चारांपैकी दोन कसोट्यांवर आपण नापास झालो.

साथीचा इतिहासही हेच सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग्यांना वेगळे ठेवणे, घरांची तपासणी करणे हे उपाय त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे निराधार नव्हते. परंतु रँडसाहेबाच्या अमलात सैनिक घराघरांत शिरले, माणसांना ओढून छावण्यांत नेले, आणि लोकांना विश्वासात घेण्याची गरज कोणास वाटली नाही. परिणामी लोक रोगाइतकेच उपायाला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. तेथेही रोग्यांना गावापासून दूरच ठेवले जात होते. परंतु मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई होत्या. त्याच शुश्रूषेत त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अंतर दोन्हीकडे होते. एका ठिकाणी ते हुकमाने लादलेले होते, दुसऱ्या ठिकाणी त्यामागे माया होती.

आपण बौद्ध आहोत, तेव्हा विनयाकडेही पाहावे. महावग्गातील कथा अशी की, मगधात पाच रोग पसरले असता केवळ वैद्य जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून रोगी माणसे संघात प्रवेश घेऊ लागली. जीवकावर ताण पडला. त्याच्या विनंतीवरून, त्या रोगांनी ग्रस्त असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. म्हणजे संस्थेच्या रक्षणासाठी प्रवेशावर मर्यादा घालणे धम्माला अमान्य नाही. परंतु त्याच महावग्गात, अतिसाराने घाणीत पडलेल्या आणि इतर भिक्खूंनी दुर्लक्षिलेल्या भिक्खूला आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घालणारे तथागतही भेटतात. आणि तिसरी कथा तर निवासी शाळा चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने विनंती केली, तेव्हा आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. मूल संस्थेत आले म्हणून आईबापांचा त्याच्यावरील हक्क संपत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले गेले. आपणही ते मान्य करावयास हवे.

येथे कोणी म्हणेल, वर्ग, परीक्षा, आरोग्य यांत पालकांचा हक्क आहेच. पण नाटक म्हणजे करमणूक, ती एखाद्या वर्षी नाही पाहिली तर काय बिघडले? हे मत आम्हांस मान्य नाही. आपल्या चळवळीत रंगमंच हा करमणुकीपुरता कधीच नव्हता. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत गाण्यांतून आणि वगांतून पोहोचविला. मिलिंद महाविद्यालयाच्या परंपरेत प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक उभे राहिले, ते बाबासाहेबांनी पाहिले. हे सारे ज्यांच्यासाठी होते, तो प्रेक्षक म्हणजे श्रमणारा, वाचता न येणारा आपला माणूस. आजही आपल्या पालकांपैकी अनेकांना गुणपत्रिका वाचता येत नाही. मुलगा काय शिकला, याचा त्यांना समजणारा पुरावा एकच असतो: तो व्यासपीठावर उभा राहतो, न अडखळता बोलतो, चारचौघांत त्याची मान खाली जात नाही. स्नेहसंमेलन हा शाळेने पालकांना वर्षातून एकदा दिलेला हिशेब आहे. ज्याला हिशेब द्यावयाचा, तोच बाहेर आणि ज्याचा संबंध नाही, तो पहिल्या रांगेत, ही मांडणीच उलटी आहे.

चित्रफीत पाठविली होती, असेही सांगितले जाते. ती पाठविली होती हे खरे. परंतु तळावरच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाकडे असलेला फोन बहुधा साधा असतो, स्मार्टफोन असला तर त्याचा रिचार्ज संपलेला असतो, आणि वस्तीवरच्या आजीपर्यंत तो पोहोचतच नाही. चित्रफीत हा पर्याय ठरू शकतो, पण ती दाखविण्याची जबाबदारी शाळेने घेतली तरच.

तेव्हा आमचे मत असे आहे. साथ ऐन भरात असेल, तर फाटक बंद ठेवावे, परंतु ते सर्वांसाठी बंद असावे. संचालक, देणगीदार, प्रमुख पाहुणे कोणीही आत जाऊ नये. पाहुण्यांवाचून नाटक अडत नाही. त्या काळात मुलांनी मुलांसाठी कार्यक्रम करावा, त्याचे चित्रीकरण करावे, आणि नंतर शिक्षकांनी गावोगावच्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत, शक्य तर कारखान्याच्या तळावरही पडदा लावून ते दाखवावे. कार्यक्रमानंतर त्याच सायंकाळी प्रत्येक मुलाचे घरी फोनवर बोलणे करून द्यावे.

साथ ओसरू लागेल आणि फाटक थोडे उघडता येईल, तेव्हा पहिला प्रवेश पालकांचा असावा. हा विषाणू मोकळ्या हवेपेक्षा बंद जागेत अधिक पसरतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. म्हणून सभागृह टाळून पटांगणात कार्यक्रम घ्यावा. एकच मोठा सोहळा करण्याऐवजी इयत्तावार तीन-चार दिवस छोटे प्रयोग करावेत. ज्या मुलांचा सहभाग आहे, त्यांच्या घरचे एक किंवा दोघे यावेत. ताप-खोकला असलेल्याने येऊ नये, हे समजावून सांगावे. मुखपट्टी शाळेने द्यावी. पालकांना खुर्चीवर, पुढच्या रांगेत बसवावे. मुले आणि पालक यांच्यात आवश्यक ते अंतर राखावे, आणि ते का राखावयाचे हे शिक्षकाने आरंभीच सांगावे. याला श्रम पडतील, शिक्षकांना तीच नाटिका चार वेळा पाहावी लागेल. पडू द्यावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय कार्यालयात बसून होऊ नये. पालकसभेत, पालकांच्या प्रतिनिधींसमोर, कारणे देऊन तो व्हावा. आपली माणसे अडाणी म्हणून हट्ट धरतील, ही भीती निराधार आहे. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपल्या समाजाने घराच्या उंबऱ्याआत साजरी केली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीची ओढ असूनही लाखो लोक घरीच थांबले. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहायची, तो दिवस समजुतीने सोडून देणारी ही माणसे आहेत. त्यांना कारण पटले की ती थांबतात. ज्यांनी चैत्यभूमीची वाट आवरली, ती शाळेच्या नाटकासाठी ऐकणार नाहीत असे मानणे, हा त्यांचा अवमान आहे.

साथी पुन्हा येतील; इतिहासाचा अभ्यासक याबद्दल निश्चिंत राहू शकत नाही. म्हणून शाळेने आताच, शांत काळात, याविषयी लेखी ठराव करावा आणि तो फाटकावर लावावा, अशी आमची सूचना आहे. माजी विद्यार्थी संघाने पालकांसह तो मसुदा तयार करावा. त्यात दोनच ओळी असल्या तरी चालतील: बंद असेल तर सर्वांना बंद, उघडेल तेव्हा आधी पालकांना.

त्या आईचे मूल यंदा दहावी होऊन पुढे गेले. नंतरच्या एका संमेलनात तिने त्याला व्यासपीठावर पाहिलेही. भेटल्यावर तिने आम्हांस जय भीम केला; जुन्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे देणे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, आणि त्या दिवशी फाटक धरून उभ्या असलेल्या आम्हां शिक्षकांची दिलगिरीही.

जय भीम! नमो बुद्धाय!