त्यागापूर्वी परीक्षा : घरातील जुन्या चांदीच्या निमित्ताने

वैद्याच्या घरात दोन संचय नकळत वाढत असतात. एक औषधांचा आणि दुसरा रुग्णांच्या कृतज्ञतेचा. पहिल्याची मोजदाद आपण नियमाने करतो. जीर्ण झालेले द्रव्य काढून टाकतो, नवे भरतो. दुसऱ्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावीत नाही. २०२५ च्या दिवाळीपूर्वी आमच्या भिवापूरच्या जुन्या घराची आवराआवर करण्याचा प्रसंग आला आणि हा दुसरा संचय प्रथमच उजेडात आला. त्या अनुभवातून जे सुचले, ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भिवापूर हे मिरचीचे गाव. आमच्या आजोबांच्या काळी औषधाचे दाम ठरलेले नसत. मिरचीचे पीक साधले, की ज्याच्या घरचे दुखणे बरे झाले असेल तो शेतकरी सणावारी काहीतरी घेऊन येई. बहुतेकदा ते धान्य किंवा गूळ असे. परंतु लेकराच्या जिवावरचे दुखणे टळले असेल, तर चांदीची वाटी, फुलपात्र, एखादा राणीछाप रुपया देवापुढे ठेवून जाई. आजीच्या माहेरची अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, पळी-पंचपात्र, निरांजने आणि तान्ह्या मुलास दूध पाजण्याचे बोंडले यांची त्यात भर पडली. हे सारे औषधाच्या खोलीतील लाकडी पेटीत, गंधकाच्या बरणीशेजारी ठेवलेले. पेटी उघडली तेव्हा चांदी कोळशासारखी काळी पडली होती. रजत आणि गंधक यांचे नाते आपण रसशास्त्रात शिकतो. ते घरच्या पेटीत असे भेटेल, हे मात्र ध्यानी आले नव्हते.

घरात विचारविनिमय झाला. मुले पुण्यास व परदेशी आहेत. कोणासही या वस्तू वापरावयाच्या नाहीत. औषधालयासाठी जागा हवी आहे. चांदीच्या भावाने किलोमागे एक लाख रुपयांची पातळी केव्हाच ओलांडली होती. सर्वांचे मत पडले की, एकदाच नागपुरास इतवारीच्या सराफ्यात नेऊन मोडीत घालावे. केवळ आमच्या थोरल्या आत्याबाई गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “जाऊ द्या, मी अडवीत नाही. पण मागच्यासारखे करू नका, बापू.”

मागचे म्हणजे १९८० सालचे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने जगभर चांदीचा भाव एकाएकी चढला होता. मार्चअखेरीस तो तितक्याच वेगाने कोसळला, ही गोष्ट निराळी. चढत्या भावाची वार्ता भिवापुरासही पोहोचली आणि आमच्या वडिलांनी हाती येईल ती चांदी एका गाठोड्यात बांधून छोट्या रुळांच्या गाडीने नागपुरास नेली. (नागभीड मार्गावरील ती गाडीही २०१९ साली रुंदीकरणासाठी थांबली.) त्या गाठोड्यात आजोबांची औषध देण्याची लहान पळी गेली. वजनाने दोन-अडीच तोळ्यांची असेल. तिचे मोल त्या दिवशी रोख मिळाले. हिशेब चुकला नाही.

तिचे खरे मोल पुढे कळले. आजोबांची हस्तलिखित वही आमच्याकडे आहे. बालरोगांवरील त्यांच्या काही चाटणांची व काढ्यांची कृती तीत बारकाईने दिली आहे. द्रव्ये, प्रमाणे, अनुपान सारे आहे. परंतु मात्रेच्या ठिकाणी जागोजाग इतकेच लिहिले आहे : ‘रुपेरी पळी अर्धी’, ‘रुपेरी पळी एक’. त्या पळीत किती मावत असे, हे आज कोणीही सांगू शकत नाही. आम्ही अनुमाने केली, सोडून दिली. लहान मुलाच्या मात्रेत अनुमान चालत नाही. पन्नास वर्षांच्या चिकित्सेचा अनुभव वहीत शाबूत आहे आणि वापरता येत नाही. कारण त्याचे माप वितळले.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की अडगळ अवश्य काढावी, संग्रह अवश्य सोडावा. पण सोडण्यापूर्वी वस्तूची परीक्षा करावी. रुग्णास पाहिल्याशिवाय आपण शोधन देत नाही. पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म हा क्रम पंचकर्मात आपण पाळतो. घराच्या शोधनातही तोच पाळला, तर पश्चात्तापाची वेळ येणार नाही.

पूर्वकर्म म्हणजे ओळख. या वेळी आम्ही प्रथम प्रत्येक नगाची यादी केली. वजन, उंची, अंगावरील अक्षरे वा खुणा, कोणाकडून आले आणि कशासाठी वापरीत, हे आत्याबाईंकडून विचारून लिहून घेतले, छायाचित्रे काढली. वाटी, पळी, बोंडले, पेला यांत पाणी भरून ते मोजपात्राने मिलिलिटरमध्ये मोजले. या कामास चार संध्याकाळी लागल्या. आत्याबाईंना जे आठवत होते ते त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक नव्हते, हे लिहिता लिहिता आमच्या ध्यानी आले.

याच टप्प्यात धातूची परीक्षाही करून घ्यावी. सराफाकडे यंत्रावर तपासणी केली असता आमच्या ‘चांदी’पैकी बरेच नग जर्मन सिल्व्हरचे निघाले. या नावात चांदी असली, तरी धातूत ती मुळीच नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू होय. काही नगांवर नुसता मुलामा होता. उरलेल्या चांदीतही शुद्धतेचा मेळ नव्हता. पूर्वीचा कारागीर घडणीस बळकटी यावी म्हणून तांबे मिसळीत असे आणि सांध्यात वेगळा जोडधातू घालीत असे. पुढील दुरुस्त्यांत कथिल-शिसेही पडलेले असते.

प्रधानकर्म म्हणजे प्रत्यक्ष त्याग. येथे आमच्या वाचकांशी थेट संबंध येणारा एक मुद्दा स्पष्टपणे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमच्या घरी चांदी निघाल्याचे कळताच एका परिचिताने सुचविले, “मोडीत कशाला घालता? भस्मासाठी द्या. वैद्याच्या घरची चांदी औषधात जावी, याहून चांगली गती कोणती?” वाक्य ऐकावयास गोड आहे. आम्हीही क्षणभर मोहात पडलो. परंतु ही सूचना शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

रसग्रंथांत शोधन-मारणाच्या आधी ग्राह्य रजताची लक्षणे दिली आहेत. वजनदार, स्निग्ध, मऊ, तापविल्यावर व कापल्यावर पांढरे राहणारे रजत घ्यावे, असा अभिप्राय आहे. म्हणजे निवड आधी, शोधन नंतर. कोणी म्हणेल, तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत सात-सात वेळा बुडविल्यावर दोष राहतील कसे? याचे उत्तर असे, की सामान्य शोधन हे ग्राह्य धातूचे दोष घालविण्यासाठी आहे. चांदीतून तांबे वेगळे काढण्याची ती प्रक्रिया नव्हे. चांदीतील तांबे पुटात गेले, की भस्मात ताम्राचा अंश येतो. आणि ताम्राचे स्वतंत्र शोधन नीट न झाल्यास वांती, भ्रम, दाह इत्यादी आठ दोष आपल्याच ग्रंथांनी सांगून ठेवले आहेत. रजताच्या मात्रेने दिलेल्या औषधात ते नकळत रुग्णाच्या पोटात जातील.

राणीछाप रुपयाचेच उदाहरण घ्या. लोक त्यास शुद्ध चांदी समजतात. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी असते. म्हणजे सुमारे एक ग्रॅम तांबे आलेच. १९४० पासूनच्या रुपयात तर चांदी निम्मीच असून बाकी तांबे, निकेल व जस्त आहे. मिठाईवरच्या वर्खासाठीसुद्धा आपल्या देशाच्या खाद्यनियमांत हजार भागांत ९९९ भाग शुद्ध चांदीची अट आहे. मग ज्या भस्माने आपण रुग्णाचा विश्वास संपादन करतो, त्याच्या कच्च्या मालास वर्खाहून सैल नियम लावावा काय? रीतसर शुद्धीकरण होऊन प्रमाणपत्रासह आलेल्या चांदीविषयी आमचा आक्षेप नाही. मग ती मूळ कोणाच्या घरची होती, याने फरक पडत नाही. आक्षेप आहे तो घरची वाटी थेट मुशीत घालण्याला. औषधी निर्मात्यांनी अशी चांदी श्रद्धेने देऊ केली, तरी नम्रपणे नाकारावी.

मोडीत देताना प्रत्येक नगाची शुद्धता व घट लिहून पावती घ्यावी. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसही ओळख क्रमांकासह हॉलमार्क मिळण्याची सोय झाली आहे. ती ऐच्छिक आहे. जुन्या नगांवर असे चिन्ह नसते, म्हणून तपासणीचा कागद अधिकच महत्त्वाचा. मोडीत घडणावळीचे मोल शून्य धरतात, हेही आधी जाणून असावे. एखादा नग घडणीने विशेष वाटला, तर तो वितळण्याच्या रांगेतून बाजूला काढावा. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. परदेशी असलेल्या लेकीस वा नातवास आठवण म्हणून पणजीची अत्तरदाणी देण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

वितळलेली वस्तू परत येत नाही, याचा दाखला राजवाड्यांतही आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी १६८९ साली व्हर्सायमधील चांदीचे सामान वितळविले. आज ते मुख्यतः तत्कालीन याद्यांतून व चित्रांतून कळते. यादी होती, म्हणून एवढे तरी कळते. याउलट आपल्या पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर पाहा. दिवे, अडकित्ते, भांडी, दौती अशा नित्य वापरातील हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभारलेला तो सारा संग्रह पुढे शासनाच्या हाती सोपविला. तोही त्यागच होता. परंतु वस्तूची ओळख राखून केलेला. नागपुरातही १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहे. आपल्या घरची प्रत्येक वाटी संग्रहालयात जाण्याच्या योग्यतेची नसते, हे खरे. पण औषध देण्याची माप असलेली पळी, बोंडले, खलबत्ता, नावनिशी असलेली औषधाची डबी, या वस्तूंविषयी आयुर्वेद महाविद्यालयांतील संग्रहांकडे एकदा विचारणा करण्यास काय हरकत आहे?

चांदीचे पात्र हे केवळ ऐश्वर्याचे चिन्ह नव्हते, याचा आपणा वैद्यांस तरी विसर पडू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा हे सांगितले आहे. तूप लोखंडाच्या पात्रात, तर पेया चांदीच्या. चरकांनी बस्तिनेत्रासाठी सांगितलेल्या धातूंत रूपे आहे. आजीचे बोंडले याच परंपरेतले. म्हणून वैद्याच्या घरची चांदी ही काही अंशी उपकरणे आहेत आणि उपकरणाची नोंद ठेवणे हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे.

राहिले पश्चात्कर्म. शोधनानंतर संसर्जनक्रम न पाळल्यास शोधनाचा लाभ टिकत नाही, तसेच रिकाम्या झालेल्या पेटीचे आहे. ती पुन्हा भरू देऊ नये. आम्ही बहुतेक चांदी दिली. पानदान, ताटे, फुलपात्रे, रुपये सर्व गेले. मनास थोडे लागले, नाही असे नाही. परंतु यादी हाती असल्याने घर रिते झाल्यासारखे वाटले नाही. बोंडले आत्याबाईंच्या नातीकडे, तिच्या तान्ह्या मुलीसाठी गेले. सोबत त्यात किती दूध मावते याची चिठ्ठी आहे. पंचपात्रातील पळी आम्ही ठेवून घेतली. ती आजोबांच्या औषधाची नव्हे. तिच्या आधारे वहीतील मात्रा ठरविण्याचा मोह आम्ही टाळला आहे. आलेल्या रकमेतून औषधालयातील कोरड्या भांडारासाठी कपाटे केली आणि वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घेतले. मात्रेच्या जागा जशा आहेत तशाच अपुऱ्या ठेवून, समासात ‘माप अज्ञात’ असे लिहिले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असेल. भाव चढले आहेत, घरे लहान होत आहेत, मुले दूर आहेत. ती पेटी आज ना उद्या उघडणारच. उघडू द्यावी. मात्र तराजूवर चढविण्याआधी घरातील सर्वांत वडील माणसास शेजारी बसवावे, वही-लेखणी घ्यावी आणि वाटीत पाणी भरून मोजावे. आमच्या घरी १९८० साली ही एक संध्याकाळ कोणी काढली असती, तर आज आजोबांचे औषध आमच्या रुग्णांस मिळाले असते.