छत्रात मुक्काम करावा, दप्तर ठेवू नये

पास काढून रामेश्वरला जाणाऱ्या साथींना एक विनंती आहे. वाटेत तंजावरला उतरलात, तर पट्टुकोट्टैची बस पकडून ओरत्तनाडूला जाऊन या. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावी मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी अनेक छत्रे चालवली. वाटसरूला तेथे फुकट जेवण आणि निवारा मिळे, आजाऱ्याला औषध मिळे आणि मुलांच्या शिक्षणाचीही सोय असे.

अशा छत्रात वाटसरू जेवला, झोपला आणि पहाटे वाटेला लागला. घरची कागदपत्रे, जमिनीचे खत, दागिन्यांची पेटी तेथे ठेवून मात्र कोणी निघून गेला नसेल. आपल्या संघटनांनी गेल्या वीस वर्षांत नेमके तेच केले आहे.

आमच्या शाखेचेच सांगतो. परिपत्रके, सभांची इतिवृत्ते, प्रशासनाशी झालेल्या वाटाघाटींच्या नोंदी आणि जिंकलेल्या दाव्यांचे निकाल आम्ही एका कंपनीच्या फुकटच्या पानावर चढवत होतो. ते पान एका तरुण कारकून साथीने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते. पुढे त्याची बदली झाली, क्रमांक बदलला, आणि एके दिवशी ते पान बंद पडले. कंपनीला पत्रे लिहिली. उत्तरे यंत्राने दिली. त्याच सुमारास एका दिवंगत गेटमनची पत्नी शाखेत आली. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला एका जुन्या आदेशाची प्रत हवी होती. कचेरीत ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर मिळाले होते. ती प्रत आम्ही स्वतः मिळवलेली होती, स्वतः छापलेली होती, आणि तिच्या हातात ठेवायला आमच्याकडे नव्हती! एका निवृत्त साथीच्या ट्रंकेत ती सापडेपर्यंत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांची लाज आम्हाला अजून वाटते.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. मालकाला परवडेनासे झाले की तो दुकान बंद करतो. तेथे आपण गिऱ्हाईकसुद्धा नसतो, मग हक्काने भांडणार कोणत्या नात्याने?

म्हणून प्रत्येक विभागीय संघटनेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, आणि ते संघटनेनेच चालवावे. कोणी म्हणेल, त्यासाठीही यंत्रावरची जागा भाड्यानेच घ्यावी लागते ना? बरोबर आहे. पण भाड्याच्या बिऱ्हाडात सामान आपले असते. घरमालकाशी पटले नाही, तर सामान उचलून दुसरीकडे जाता येते आणि पाटीवरचे नाव तेच राहते. वर्डप्रेससारखी प्रणाली २००३ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. वर्षाकाठी येणारा खर्च एका अधिवेशनाच्या मंडपापुढे किरकोळ आहे.

खरा प्रश्न पैशाचा नाही, देखभालीचा आहे. रूळ टाकले म्हणजे गाडी कायमची चालते, असे आपल्यातला कोणी म्हणणार नाही. की-मॅन रोज आपल्या हद्दीत पायी फिरतो, चाव्या ठोकतो, सैल झालेले आवळतो. संकेतस्थळालाही असाच की-मॅन लागतो. प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी चढवाव्या लागतात. हे राहिले तर चोर आत शिरतो, आणि संघटनेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. साऱ्या मजकुराची प्रत दर आठवड्याला काढून एक शाखेत आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी लागते. नुसती प्रत काढूनही भागत नाही. ती पुन्हा उभी करता येते का, हे वर्षातून दोनदा तरी करून पाहिले पाहिजे. सभासदांचे पत्ते, फोन क्रमांक, आजारपणाचे कागद चुकूनही जाहीर पानावर जाता कामा नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चार्ज. टपाल खात्यात मोहोर आणि रोकड मोजून, सही करून घेतल्याशिवाय कोणी चार्ज घेत नाही. संकेतस्थळाचे नाव मात्र कोणा एकाच्या खाजगी नावावर आणि परवलीचा शब्द त्याच्याच डोक्यात, हे आपल्याला कसे चालते? नाव संघटनेच्या नावे नोंदवा. किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि पदाधिकारी बदलताच त्या लेखी सोपवा.

याचा धडाही तंजावरातच मिळतो. सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास स्वतःचा देवनागरी छापखाना घातला. ‘दर्पण’ निघायला तेव्हा पंचवीसेक वर्षे अवकाश होता. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याची मराठी बखर दगडात कोरवून घेतली. कारभाराचे मोडी कागद बांधून ठेवले गेले. १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारला, कंपनीने राज्य खालसा केले, तरी तो दगड आणि त्यातले पुष्कळ कागद राहिले. पण आज त्या गावात मोडी वाचणारे किती? तमिळ विद्यापीठाला त्या कागदांची तमिळ भाषांतरे करून घ्यावी लागली, तेव्हा ते पुन्हा बोलू लागले. दप्तर टिकले तरी ते उघडणारा माणूस तयार करावा लागतो.

‘ड्यूटी करून हे कोणी करायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. एकट्या उत्साही पोरावर हे टाकणे म्हणजे त्याला राबवून घेणे आहे. तिघांची समिती करा, तिच्यात एक महिला साथी आणि एक निवृत्त साथी घ्या, आठवड्यातले दोन तास ठरवून द्या. तातडीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर खुशाल पाठवा, त्यासाठी छत्र चांगले आहे. मूळ कागद मात्र घरी ठेवा.

येत्या वार्षिक सभेत प्रत्येक शाखेने एवढाच ठराव आणावा: आमचे दप्तर आमच्या नावावर, आमच्या ताब्यात, आणि त्याची देखभाल हे संघटनेचे नेमून दिलेले काम. १९४६ ची नव्हे, कालचीच परिपत्रके हरवत असतील, तर उद्याच्या लढ्यात कोणता कागद घेऊन आपण टेबलापलीकडच्या साहेबासमोर बसणार आहोत?