झाड कोणाचे, परवानगी कोणाची, पैसे कोणाचे?

मे महिना लागला की शीव कोळीवाडा, सरदार नगर, प्रतीक्षा नगर, अँटॉप हिल या पट्ट्यात झाडे छाटणाऱ्या छोट्या कंत्राटदारांचे फोन वाजू लागतात. वर्षभर मान वर करून न पाहिलेल्या सोसायट्यांना पावसाच्या तोंडावर एकाएकी फांद्या दिसू लागतात. बाहेरच्यांना कोळीवाडा म्हटले की कोळंबी आठवते. आम्हाला आठवतात ते रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, बदाम आणि माड, कारण आमची रोजी त्यांच्यावर आहे. चार-पाच माणसे, दोन जाड दोर, एक मशीन करवत, कोयते आणि भाड्याचा टेम्पो, एवढेच आमचे भांडवल.

धंदा लहान असला तरी कामाला तोटा नाही. महानगरपालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे पावणेतीस लाख झाडे मोजली गेली व त्यांतील निम्म्याहून अधिक खासगी आवारांत आहेत. रस्त्यावरच्या झाडांची छाटणी पालिका आपल्या मोठ्या कंत्राटदारांकडून करून घेते. आवारातले झाड मात्र सोसायटीने स्वतःच्या खर्चाने छाटून घ्यायचे असते, आणि तेथेच आमच्यासारख्यांना काम मिळते. पण या कामात नवीन शिरलेल्या तरुणांना विचारा, ते उंचीची तक्रार करणार नाहीत, गिऱ्हाइकाची करतील. ठरवलेली रक्कम देत नाही, काम वाढवत नेतो, शेवटी आमच्यावरच ओरडतो, अशी ही रड असते.

आमचे मत थोडे वेगळे आहे. बदनियत गिऱ्हाईक शंभरात पाच. बाकीची भांडणे या धंद्याच्या घडणीतूनच उपजतात. कापडाच्या दुकानात माल घेणारा, पैसे देणारा आणि वापरणारा बहुधा एकच असतो. झाडाच्या बाबतीत तसे नाही. बोलावतो तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासी, कारण त्याच्या खिडकीत फांदी आली आहे. झाड सोसायटीचे असते. परवानगी पालिका देते. पैसे खजिनदाराच्या सहीशिवाय निघत नाहीत. आणि सावली जाते ती तळमजल्यावरच्या माणसाची, ज्याला कोणी विचारलेलेच नसते. हे सगळे कंत्राटदारालाच जाब विचारतात, कारण हातात कोयता त्याच्या असतो. शिवाय दुकानदाराचा माल नापसंत पडला तर परत घेता येतो. कापलेली फांदी कोणाला परत जोडून देणार?

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, झाडावर माणूस चढण्यापूर्वी परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. 'अर्ज दिला आहे, मिळेल' यावर काम सुरू करू नये. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. या कायद्यात 'झाड तोडणे' म्हणजे केवळ बुंध्यापासून आडवे करणे नव्हे, जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. आणि शिक्षा तोडवून घेणाऱ्यालाही आहे व तोडणाऱ्यालाही. 'तुम्ही कापा, जबाबदारी आमची' असे चेअरमन साहेब खुशाल म्हणोत, कायद्यापुढे या वाक्याला किंमत नाही. आपल्या भागाचा अर्ज माटुंग्याच्या एफ उत्तर विभाग कार्यालयात उद्यान खात्याकडे जातो. पाहणी होते आणि मग काय छाटायचे ते ठरते. यात दिवस जातात, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. पुष्कळ ठेकेदार काम हातचे जाईल या भीतीने 'दोन दिवसांत करून देतो' म्हणतात आणि मग रोज शिव्या खातात. त्या शिव्यांना गिऱ्हाइकापेक्षा वायदा करणारा अधिक जबाबदार असतो.

आता त्या शंभरातल्या पाचांविषयी. हे गिऱ्हाईक संध्याकाळी एकटे येते, हळू आवाजात बोलते आणि भावात घासाघीस करीत नाही. दुकानाची पाटी झाकली जाते, गाडी लावायला अडचण होते किंवा पुनर्विकासाच्या नकाशात झाड मध्ये येते. 'रात्री येऊन उरकून टाका, भाई, दुप्पट घ्या,' असे सांगितले जाते. कोणी बुंध्याला भोके पाडून औषध ओतायला सांगतो, म्हणजे झाड 'आपोआप' वाळेल. अशा माणसाशी वाद घालू नये, उपदेशही करू नये. काम आमच्याने होणार नाही, एवढे सांगून उठावे. जो पालिकेला फसवायला दुप्पट देतो तो उद्या पकडला गेल्यावर प्रथम आपलेच नाव सांगेल. दुप्पट रकमेत वकिलाची फीदेखील भागत नाही, आणि अशी कमाई घरी नेऊन मुलाबाळांना खाऊ घालावी काय, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

भीतीपोटी अडून बसणारे गिऱ्हाईक याहून अगदी निराळे असते. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले व त्यांचा मृत्यू झाला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईत एका दिवसात शेकडो झाडे उन्मळून पडली. हे ज्यांनी पाहिले त्या मावशी 'सगळेच झाड काढा' म्हणून हट्ट धरतात, तेव्हा त्यांना हसण्यावारी नेऊ नये. झाडाभोवती फिरून दाखवावे, पोकळी कोठे आहे, बुरशी आहे का, मुळाशी माती उचलली आहे का, हे त्यांच्या समक्ष पाहावे. काही आढळल्यास लेखी तक्रार विभाग कार्यालयात द्यायला लावावी. काही नसेल तर वाळक्या झावळ्या, नारळ आणि सुकलेल्या फांद्या काढून त्यांची काळजी बरीच हलकी होते. अर्धा तास जातो खरा, पण अशी बाई पुढे दहा घरी आपले नाव सांगते.

सर्वात अवघड गिऱ्हाईक मात्र सज्जन आणि हिशोबी असते. त्याला वाटते, एकदाच पैसे मोजतो आहे तर झाडाचे मुंडण करून घ्यावे, म्हणजे तीन वर्षे बघायला नको. ठेकेदारालाही हे सोयीचे असते, कारण फांद्या निवडण्यापेक्षा शेंडा उडवणे सोपे आणि लाकूडही जास्त मिळते. पण मुंडण केलेल्या गुलमोहराला पुढच्या पावसात जे धुमारे फुटतात ते वरच्या सालीपाशी चिकटलेले असतात, आतून धरलेले नसतात. दोन-तीन वर्षांत ते जाड होतात आणि वाऱ्याने तुटतात. म्हणजे ज्या धोक्यासाठी पैसे दिले तोच वाढवून ठेवला. हे गिऱ्हाइकाला पटवणे जिकिरीचे असते, कारण त्याला वाटते की आम्ही दरवर्षीचे काम लावून घेत आहोत. आम्ही अशा वेळी त्याच गल्लीतले आधी मुंडण झालेले झाड दाखवतो. शीव-माटुंग्यात अशा झाडांची वाण नाही.

तसाच दुसरा हट्ट म्हणजे एकाच बाजूची छाटणी. झाड दोन सोसायट्यांच्या भिंतीवर असते. एक सोसायटी पैसे द्यायला तयार, दुसरी म्हणते, 'आमच्याकडची सावली बरी आहे, हात लावायचा नाही.' पैसे देणाऱ्याचे म्हणणे असते, 'आमच्या हद्दीतले तेवढे उतरवा.' कागदावर हे न्याय्य दिसते. पण झाडाला हद्द कळत नाही. रेन ट्रीचा पसारा एका अंगाने उतरवला की सगळा भार दुसऱ्या अंगाला जातो, आणि शहरात मुळे आधीच गटार, केबल व काँक्रीट यांनी एका बाजूला कापलेली असतात. पहिल्या जोरदार पावसात असे झाड कोणावर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. दोन्ही सेक्रेटऱ्यांना झाडाखाली एकत्र उभे करावे. न जमल्यास एकतर्फी छाटणीचे काम घेऊ नये. आमची चार कामे यामुळे दुसऱ्याकडे गेली, त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही.

कोणती फांदी कापायची हेही बोलण्यावर सोडू नये. खालून हात दाखवून 'ती, ती नव्हे, तिच्या मागची' असे सांगितलेले वर बसलेल्या माणसाला कधीच कळत नाही. परवानगीत जेवढे आहे तेवढ्याच फांद्यांना आदल्या दिवशी रंगीत फीत बांधावी आणि सेक्रेटरीला उभे करून मोबाइलवर फोटो काढावा. काम चालू असताना खालून एकच माणूस बोलेल आणि तो आपला असेल. गॅलरीतून 'आणखी एक घ्या' असा हुकूम आला की वरचा माणूस वळून पाहतो, आणि तेथेच पाय सुटतो. या बाबतीत गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी करवत बंद करून काम थांबवावे. घरटे दिसले तरी थांबावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाखरांच्या अंड्यांना व घरट्यांना धक्का लावणे हेही शिकारीत मोडते, आणि आपल्याकडे बगळे नेमके पावसाच्या सुमारास घरटी करतात.

लाकडाचे भांडण जुनेच आहे, पण आता त्याला नवे वळण लागले आहे. पूर्वी जाड फांद्यांचे लाकूड बेकरीवाले आणि तंदूरवाले घेऊन जात आणि ठेकेदार तेवढी सूट छाटणीच्या भावात देत असे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून हे गिऱ्हाईक ओसरत चालले आहे. सोसायटीचा खजिनदार मात्र अजून जुनाच हिशोब मांडतो, 'लाकूड तुम्हालाच जाणार, मग एवढे कशाला?' त्याला टेम्पोचे भाडे, माल उतरवण्याची जागा आणि पाल्याचा खर्च वेगवेगळा लिहून दाखवावा. लाकूड हवे असल्यास सोसायटीने ठेवून घ्यावे, असेही लिहावे. बहुतेक जण त्यावर गप्प बसतात. केबल आणि इंटरनेटच्या वायरींचेही तसेच आहे. झाडाच्या अंगावर त्या कोणी आणि कधी टाकल्या हे कोणालाच ठाऊक नसते, पण तुटली की अर्ध्या तासात केबलवाला पैसे मागायला हजर होतो. वायरी अगोदर हलवून घेणे हे सोसायटीचे काम, ही ओळ कोटेशनमध्ये असलीच पाहिजे.

राहता राहिले पैसे. काम जुन्या कमिटीने दिले, बिल नव्या कमिटीपुढे गेले, आणि नवी म्हणते, 'आम्हाला माहीत नाही.' हा अनुभव आमच्यापैकी कोणाला नाही? आपल्या समाजातील लहान कारागीर लिहिण्याला संकोचतो. ओळखीच्या माणसाकडून सही मागणे त्याला अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. वास्तविक उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, ही ताकीद कुरआनातील सर्वात दीर्घ आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. नमाजी माणसाला तरी सही मागताना लाज वाटण्याचे कारण नाही. लेटरहेडवर चेअरमन, सेक्रेटरी व खजिनदार यांपैकी दोघांची सही, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली टेम्पो आवाराबाहेर पडण्यापूर्वी, एवढे ठरले की निम्मी भांडणे उरत नाहीत.

त्यातूनही कोणी अडवले तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा पाहावा. त्यात सेवा देणाऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक नाही, देणे बंधनकारक आहे. लेखी मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने व्याजाची तरतूद आहे. आम्ही त्या व्याजाच्या वाटेला जात नाही, मुद्दल मिळाले म्हणजे झाले. परंतु बिलाखाली या कायद्याचा उल्लेख असला की खजिनदार बिल बाजूला ठेवत नाही. यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली असावी लागते. ती जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर होते आणि तिला एक पैसा लागत नाही. एजंटला पैसे देऊन ती करून घेणारे आमचे बांधव पाहिले की मात्र हसावे की रडावे हे कळत नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर येणाऱ्या फोनचे काय करावे, हे पुष्कळांनी विचारले आहे. ओल्या बुंध्यावर आणि वाऱ्यात माणूस चढवायचा नाही, गिऱ्हाईक कितीही रागावले तरी. फांदी तुटून लोंबकळत असेल तर त्याला पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ किंवा अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक द्यावा, खाली गाड्या व मुले येऊ देऊ नका असे सांगावे आणि पाऊस उघडल्यावर कोणत्या दिवशी पाहायला येणार तो दिवस सांगावा. परवानगीचा अर्ज त्याने त्याच दिवशी टाकावा, म्हणजे उघडीप मिळेपर्यंत कागद हातात असेल.