हाडाची काडं

'हाड' हा शब्द आमच्या मराठी घरांत दोनच वेळा ऐकू येतो. एकदा दारात आलेल्या कुत्र्याला हाकलताना, आणि दुसऱ्यांदा घरातली कोणी बाई न्हाणीघरात घसरल्यावर. मधल्या साठ वर्षांत त्या हाडांना काय खायला घातलं, याची चौकशी करायची आपल्यात पद्धत नाही. घसरल्यावर मात्र एक्स-रे निघतो, डॉक्टर तो उजेडाकडे धरून 'हाडं ठिसूळ झालीत हो' म्हणतात आणि मग सगळं घर एका सुरात म्हणतं, "कॅल्शियम कमी पडलं!"

कमी पडलं? माझं म्हणणं, पडलं नाही, पाडलं. कॅल्शियम त्या घरात रोज सकाळी पिशवीतून येत होतं. वाटणीत काय झालं ते बघा. दूध तापलं की पहिला पेला चिरंजीवांचा, कारण वाढतं वय. दुसरा आजोबांचा, कारण उतरतं वय. तिसऱ्याची यजमानांची कॉफी, कारण ते कमावतात. (बाईही कमावते, पण तो मुद्दा दुधाच्या पातेल्यापर्यंत अजून पोचलेला नाही.) उरल्यासुरल्या दुधाचा सगळ्यांचा चहा आणि बाईच्या वाट्याला पातेल्याची खरवड. विचारलं तर उत्तर तयार असतं : "मला बाई दूध आवडतच नाही."

आमच्या आईला दूध आवडत नसे. आजीलाही आवडत नसे. मावशी, आत्या, काकू, कुणालाच नाही. तीन पिढ्यांतल्या झाडून सगळ्या बायकांना एकच पदार्थ नावडावा आणि त्याच घरातल्या सगळ्या पुरुषांना तो नेमका सायीसकट आवडावा, या योगायोगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही!

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2010 साली मोठ्या माणसाला दिवसाला 600 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे म्हणून सांगितलं होतं. 2020 साली तो आकडा 1000 झाला. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला 1200. म्हणजे घरात सगळ्यांत मोठा वाटा जिला हवा, ती खरवड खाते आहे.

तिच्या दिवसाचा माझा ढोबळ हिशोब असा. तीन कप चहातलं दूध मिळून 120. चार पोळ्यांचे 40. वाटीभर आमटीचे 40. भाजीचे, भाजी बरी असली तर, 50. ताकाचे 50, तेही ताक उरलं तर. भात या बाबतीत अगदीच निरुपयोगी. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम धड दहा मिलिग्रॅमही नाही. बेरीज 300. उरलेले सातशे कुठून येतात?

हाडांतून येतात. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, आणि रक्ताला लागेल तेवढं ते बिनबोभाट तिथून उचलतं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतून तर ते खरोखरच बाळाकडे जातं. दूध सुटल्यावर बहुतेक भरूनही निघतं, पण भरायला ताटात काही हवं ना! 'हाडाची काडं करून मुलं वाढवली' हे आम्ही मातृदिनाच्या भाषणांत टाळ्या घेण्यासाठी म्हणतो. तो अलंकार नाही हो, हिशोब आहे.

यावर आमच्या एका स्नेह्यांनी मला गप्प करायला सौभाग्यवतींचा रक्ताचा अहवाल आणून दाखवला. "कॅल्शियम नॉर्मल! वाचा!" वाचलं. नॉर्मलच असणार. घरातले दागिने गहाण टाकून लग्नात चारचौघांसारखा आहेर करणारा माणूस मांडवात नॉर्मलच दिसतो. दागिने जागेवर आहेत का हे कपाट उघडल्याशिवाय कळत नाही, आणि त्या कपाटाची तपासणी वेगळी असते. हाडांच्या घनतेची.

शिवाय हे बचतखातं भरायची मुदत असते. तिशीपर्यंत हाडांत जमा होतं, पुढे शिल्लक सांभाळायची, आणि पाळी गेल्यानंतरची काही वर्षं तर खात्यातून भराभर काढणंच चालतं. आम्ही मुलीला ऐन जमेच्या वयात 'जाड होशील' म्हणून दूध बंद करतो आणि सासू झाल्यावर तिला गोळ्या आणून देतो.

गोळ्यांचं तर विचारूच नका. ज्या घरात बाईला पेलाभर दूध जड होतं, तिथे तिला औषधाच्या दुकानातून मोठा डबा आणून द्यायला कुणाची ना नसते. डब्यावर 'कॅल्शियम कार्बोनेट 1250' असं लिहिलेलं असतं, आणि यजमान खूश होतात, की कोटा एका गोळीत संपला! त्यात कॅल्शियम असतं 500, बाकीचं कार्बोनेट. शरीर एका वेळी पाचशेच्या आसपासच नीट शोषतं, तेही ही गोळी जेवणाबरोबर घेतली तर. आमच्याकडच्या बायका ती लोहाच्या गोळीबरोबर एका घोटात गिळतात, म्हणजे दोघींचं आत भांडण. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्यावी. पण दूध, दही, गोळ्या, पावडरी असं सगळं एकावर एक रचणारेही आहेत. दिवसाला दोन-अडीच हजारांच्या वर गेलं की ते हाडांचं पोषण उरत नाही. बद्धकोष्ठ होतं आणि मूतखड्याला आमंत्रण जातं.

मूतखड्यावरून आठवलं. खडा झाला म्हणून दूध-दही सोडणारे गृहस्थ प्रत्येक वाड्यात एक असतात. पोटात गेलेलं दुधादह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि बाहेर नेतं, हे त्यांना पटत नाही. ते पालकाचं सूप पितात. पालकात कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झलेटने बांधलेलं. निर्बंध आलेल्या पतपेढीतली ठेव ती! पासबुकात दिसते, हातात येत नाही.

दूध खरंच सोसत नसेल तर नाचणी आहे. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. एका भाकरीचे दीडशे धरा. हीच भाकरी कोकणातले लोक पाहुणा आला की लपवायचे, गरिबी दिसते म्हणून. आता ती 'रागी' हे नाव घेऊन चकचकीत पाकिटात बिस्किटं होऊन आली आहे आणि पाहुण्यांपुढे आधी तीच येते! शेवग्याचा पाला आहे, काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी आहे. तिळातही बरंच आहे, पण सालासकट. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळाने वडी देखणी होते एवढंच. आणि ऊन. ड जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं वाया, आणि आमच्याकडे ऊन फक्त पापड-कुरडयांना मिळतं. ती वाळत घालणारी बाई डोक्यावर पदर घेऊन सावलीत उभी.

तेव्हा मी आमच्याकडे अर्ध्या लिटरची एक जादा पिशवी सुरू केली, खास हिच्या नावाने. पहिले दोन दिवस तिने प्यायलं. तिसऱ्या दिवशी 'उरलं होतं' म्हणून विरजण लागलं. पाचव्या दिवशी जावईबापू यायचे होते, म्हणून बासुंदी झाली. "अहो, तेवढ्यासाठी वेगळं दूध कशाला आणायचं?"

हल्ली मी पेला भरून तिच्यासमोर ठेवतो आणि बसून राहतो. ती म्हणते, थंड होऊ दे. मी म्हणतो, होऊ दे. पेला रिकामा होईपर्यंत मी वर्तमानपत्र उघडत नाही, आणि तिला ते वर्तमानपत्र माझ्या आधी हवं असतं.